टेबल नंबर सातची निशाणी

नाना, मला भीती वाटते आहे. हे वाक्य मी चार दिवस कुणापुढे बोलले नाही, म्हणून पहिलं तुमच्यापुढे बोलून घेते. आज रविवार, दुपारचे तीन वाजलेत, आणि मी बमरोलीच्या आपल्या त्याच खोलीत ओट्याला पाठ लावून खाली बसले आहे. सून आत झोपली आहे, तिला सातवा महिना आहे. मुलगा मित्राकडे जातो म्हणून गेला, पण मला ठाऊक आहे, माझ्यासमोर बसायला नको म्हणून गेला. हे हजिऱ्याला क्रेनवर असतात, पंधरा दिवसांनी घरी येतात. त्यांना फोनवर मी 'सगळं बरं आहे' एवढंच सांगते. गल्लीत मोटरसायकल थांबली की मी दाराची कडी बघून येते. मघाशी शेजारी कुकरची शिट्टी झाली तर हातातला पेन पडला. एवढी भित्री मी कधीपासून झाले, तुम्हीच सांगा. माझ्या हातची एक चिठ्ठी नको त्या माणसांपर्यंत पोचली आहे, आणि तिचं खापर दुसऱ्याच बाईच्या डोक्यावर फुटलं आहे. तिनं काही केलेलं नाही हे तिच्याशिवाय जगात दोघांनाच माहीत आहे, मला आणि माझ्या मुलाला. आता तुम्ही तिसरे.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, त्यामुळे जरा मागून सांगावं लागेल. तुमचं खातं म्हणजे उधन्यातली ती पत्र्याची लांब शेड. लूम्सचा खडखडाट असा की घरी आल्यावरही तुम्ही ओरडूनच मीठ मागायचात आणि आई म्हणायची, मी बहिरी नाही हो. तुम्ही लूमवर नव्हतात, तपासणीच्या टेबलावर होतात. लूमवरून उतरलेला प्रत्येक तागा तुमच्या पुढ्यातल्या काचेवरून सरकायचा, काचेखाली ट्यूबलाइट, आणि तुम्ही बोटाच्या पेरानं तुटका धागा शोधायचात. डोळ्याच्या आधी तुमच्या बोटाला कळायचं. तागा पास झाला की शेवटच्या कोपऱ्यावर तुमची निशाणी: एक गोल, गोलात टेबलाचा नंबर. पुढे कुठे खोट निघाली तर निशाणी बघून माणूस सापडायचा. मी दहावी पास होऊन घरात बसले होते, सतरा वर्षांची, तेव्हा तुम्हीच मला खात्यात नेलंत. आई म्हणाली, पोरीला तिथं नेता, लोक काय म्हणतील? तुम्ही म्हणालात, "लोके काय उघडा फिरतस का? कापड तर त्यासले बी लागस!" तुमची ती पितळी घडीची काच, डोळ्याला लावून इंचातले धागे मोजायची, ती मला दिलीत, आणि निशाणीत माझ्यापुरता एक बदल केलात. गोल, नंबर आणि खाली एक आडवी रेघ. बापाचं कुठलं आणि लेकीचं कुठलं ते शेठला कळावं म्हणून. त्याला सव्वीस वर्षं झाली. खातं बदललं, टेबल बदललं, नंबर बदलला, रेघ तीच आहे. आता तर काम संपलं की हात आपोआपच तिकडे जातो.

त्याच वर्षीची दिवाळीच्या आधीची घाई आठवते का? मी शेजारच्या बाईशी बडबडत बसले होते आणि एक तागा तसाच जाऊ दिला. त्यात पंजाभर लांब धागा सुटलेला होता. व्यापाऱ्यानं तो परत पाठवला. गठ्ठा आला तेव्हा तुम्ही पाणी प्यायला गेला होतात, आणि मी काय करावं? कात्री घेतली आणि निशाणीचा कोपराच कापून चोळीत लपवला. तुम्ही आलात, तागा उलटा केलात, कापलेली कड बघितलीत. ओरडला नाहीत. शेठ, हिशेबाचे मेहताजी, दहा-बारा कारीगर उभे होते, त्यांच्यासमोर मला विचारलंत, "हाई निशाण कोनं व्हतं?" मी कात्री खाली ठेवली. तुम्ही परत विचारलंत. मी म्हटलं, "मन्हं." मग तुम्ही तो चुरगळलेला कोपरा माझ्याकडून मागून घेतलात, सुई-दोरा काढलात आणि सगळ्यांदेखत परत जागेवर शिवलात. म्हणालात, "एकदाव पास कयं का ते कापड आपलं शे. मंग त्यानं काई बी होवो." मला तेव्हा तुमचा इतका राग आला होता, नाना, की संध्याकाळी तुमच्या मागे दहा पावलं अंतर ठेवून चालत होते. कोपऱ्यावरच्या लोचोवाल्याकडे तुम्ही थांबलात आणि त्याला म्हणालात, "तीखुं वधारे नाखजो, छोकरी रडे छे, बहानुं जोईए ने." रडायला तिखटाचं निमित्त! मी रडता रडता हसले आणि चण्याच्या डाळीचा तो वाफाळता लोचो नाकात गेला.

तुम्ही गेल्यावर ते खातं बंद पडलं. मग मी साडीत गेले, मग ड्रेस मटेरियलमध्ये, आणि आता सहा वर्षं कडोदऱ्याच्या पुढे हायवेला एक मोठं युनिट आहे तिथे. तुम्ही बघितलं असतं तर चप्पल बाहेर काढून आत गेला असतात. फरशी चकाचक, गळ्यात फोटोवालं कार्ड, मोबाइल फाटकावर जमा. शेठ कुठे दिसत नाही, मॅनेजरसाहेब असतात. पहिल्यांदा तंबूचं कापड यायचं, बॅगांचं यायचं. गेली दोन वर्षं एक वेगळाच माल येतो: पातळ पण चिवट नायलॉन, गोल कापलेलं, शिवलेलं, कडेला दोऱ्या सोडलेल्या. फुंकर मारली तरी फुगतं. मी सकाळच्या पाळीत टेबल नंबर सातवर, आणि दुपारच्या पाळीत त्याच टेबलावर एक लातूरकडची बाई बसते. तिचा नवरा वारला, मुलगी बारावीला आहे, दोघी पांडेसरात एका खोलीत राहतात. तिचीही निशाणी गोल आणि सातच, फक्त तिच्याखाली रेघ नाही, रेघ माझी. पाळी बदलताना आम्हाला दहा मिनिटं मिळतात, त्यात ती मला शेंगदाण्याची चटणी देते आणि मी तिला साहेबांच्या नकला करून दाखवते. त्या गोल कापडाला आम्ही टोपडं म्हणायचो. "एवढी टोपडी कुठल्या बाळांना हो ताई?" असं म्हणून ती हसायची. मीही हसायचे.

मग एक दिवस बाहेरची माणसं माल बघायला आली. सूटबूट, अत्तराचा वास, साहेब दोन पावलं मागे चालत होते. मला टेबलावरून उठवून हॉलमध्ये नेलं, टोपडं हातात धरून उभं राहायला. नमुना दाखवायला बाई बरी दिसते म्हणे. तिथे मोठ्या पडद्यावर त्यांनी एक व्हिडिओ लावला. अंधार आहे, काहीच दिसत नाही. मग वर आकाशात फट्ट करून एक दिवा लागतो, आणि त्या दिव्यावर छत्री धरल्यासारखं आमचं टोपडं. दिवा हळूहळू खाली येतो. मला वाटलं, बाई गं, किती छान तरंगतंय. आणि मग त्या पांढऱ्या उजेडात खाली घरं दिसायला लागली. गच्च्या. पाण्याच्या टाक्या. एका गच्चीवर दोरीला कपडे वाळत घातलेले, कुणीतरी काढायचे विसरलेले. त्यातला लहान फ्रॉक मला स्पष्ट दिसला, इतका उजेड होता. एक पाहुणा काहीतरी बोलला आणि सगळ्यांनी मान हलवली. नंतर मी साहेबांना विचारलंच, हा दिवा कशाला? ते आनंदात होते, त्यांनी सांगूनही टाकलं. तोफेतून सोडतात, खाली कोण आहे ते दिसावं म्हणून, दिसलं की पुढचा गोळा नीट बसतो. माझं तोंड बघून म्हणाले, "आपणे क्यां बॉम्ब बनावीए छीए, बेन? आपणे तो अजवाळुं वेचीए छीए." आपण उजेड विकतो म्हणे. तो माल कुठे जातो ते मला मुलाकडून कळलं. तो त्याच युनिटमध्ये डिस्पॅचला आहे, साहेबांच्याच कृपेनं लागलेला. खोक्यांवर ज्या देशाचं नाव असतं, ते रोज बातम्यांत असतं, आणि ढिगाऱ्यातून काय काय काढताना दाखवतात ते मी तुम्हाला सांगत नाही.

त्यानंतर दोन-तीन महिने मी टोपडी तपासली. रोज. निशाणी करून करून. भाकरी थापताना मधेच हात थांबायचा, बस एवढंच. बाकी सगळं चालू होतं. आमच्या भाजीबाजाराच्या तोंडाशी रविवारी सकाळी एक टेबल लागायचं. शाळेत शिकवून रिटायर झालेल्या एक बेन, पांढऱ्या केसांच्या, एक तरुण वकील आणि कॉलेजच्या दोन मुली. बोर्डावर तीन भाषांत लिहिलेलं: जिथे युद्ध चालू आहे, जिथे साधी माणसं मरतात, तिथे आपल्या देशातून हत्यारं आणि हत्यारांचे भाग पाठवायला सरकारनं परवानगी देऊ नये, आणि कुणाला काय पाठवायची परवानगी दिली ते लोकांना सांगावं. खाली सह्या. तीन रविवार मी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत पुढे गेले. चौथ्या रविवारी एक कारीगर बेनशी भांडत होता म्हणून थांबले. तो म्हणत होता, "ऑर्डर बंध थई जशे तो तमे खवडावशो अमने?" मला वाटलं बेन आता भाषण ठोकणार. त्या म्हणाल्या, "ना भाई, हुं नहीं खवडावी शकुं. तमारी वात साची छे." खायला घालणं आपल्या हातात नाही हे मान्य करून त्याचं म्हणणं त्यांनी वहीत लिहून घेतलं. त्यामुळे मी फसले, नाना. त्या खोटं बोलल्या असत्या तर मी वांगी घेऊन सरळ घरी आले असते.

त्यांनी मला विचारलं, तुम्ही काय काम करता? म्हटलं, कापड तपासते. कसलं कापड? आणि मग माझ्या तोंडाला जो पाझर फुटला! गच्चीवरच्या फ्रॉकपर्यंत सगळं सांगून बसले. कॉलेजच्या एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. बेन म्हणाल्या, हे तुमच्या हातानं चार ओळी लिहून द्याल का, दिल्लीला अर्जासोबत जोडू? मी म्हटलं, नाव नाही लिहिणार. त्या म्हणाल्या, नावाची गरजच नाही, "एका कामगार बहिणीनं सांगितलं" एवढंच लिहू. मग मी टेबलाशी वाकून लिहिलं. 'आम्ही गोल कापड तपासतो. ते तोफेतून सुटणाऱ्या दिव्याला बांधतात. त्या उजेडात खालची माणसं दिसतात आणि मारली जातात. जिथे बायकापोरं मरतात तिथे आमचं कापड पाठवू नका.' नाव नाही, गाव नाही, युनिटचं नाव नाही. इतकी सावध होते मी. कागद बेनच्या हातात दिला, वांगी उचलली आणि अशी हलकी होऊन घरी आले की सुनेला म्हटलं, आज भरीत करते, तू बस. आणि कागदाच्या शेवटच्या कोपऱ्यात काम संपल्यावर माझ्या हातानं काय केलं होतं, ते मला कळलंसुद्धा नव्हतं. सव्वीस वर्षांची सवय, नाना. गोल, सात, रेघ.

बुधवारी संध्याकाळी आमच्या बिल्डिंगच्या बायकांच्या ग्रुपवर बेनच्या मंडळींचं एक पत्रक आलं. वर गुजरातीत मजकूर, आणि मधे माझ्या चिठ्ठीचा फोटो. खरं सांगते, पहिल्यांदा मला अभिमानच वाटला. पेपरात आपलं काही छापून आल्यावर वाटेल तसं. किती नीट अक्षर आलंय, असं मनात म्हटलं. आणि मग नजर खाली कोपऱ्याकडे गेली. कागद घडी घातलेला होता, घडी बरोबर तिथेच पडलेली, त्यामुळे गोल दिसत होता, सात दिसत होता, रेघ घडीत गेली होती. मुलगा जेवत होता. त्यानं माझ्या हातातून फोन घेतला, बघितलं, घास तसाच ताटात ठेवला. म्हणाला, "मम्मी, हे तुझं अक्षर आहे. मला गिरवायला तूच शिकवलंस." आत सून भांडी लावत होती. तो हळूच म्हणाला, "कोई पूछे तो तुला काही माहीत नाही. बस. तिच्याकडे बघ आणि चूप राहा." आणि ताट सारून उठला.

गुरुवारी सकाळी साहेबांनी बोलावलं. काचेच्या केबिनमध्ये थंडी एवढी की माझे दात वाजायला लागले; बरं झालं, थंडीवर ढकलता आलं. टेबलावर फोटो मोठा करून छापलेला होता. साहेबांना मराठी वाचता येत नाही, कुणीतरी हिंदी करून दिलं होतं; आमची सगळ्यांची मराठी अक्षरं त्यांना सारखीच. ते ओरडले नाहीत. त्यांनी नोकरीला लागतानाचे कागद पुढे केले, इथली गोष्ट बाहेर सांगणार नाही म्हणून मी सही केलेले. म्हणाले, हे नुसतं नोकरीचं नाही, पोलिसांत जाणार, देशाच्या विरुद्ध काम म्हणतील, जामीन मिळणार नाही. म्हणाले, तुमचा मुलगाही आपल्याकडेच आहे ना? मग बोटानं गोल दाखवून विचारलं, "सात नंबर तमारुं टेबल ने?" माझ्या कानात लूम्स चालू झाल्यासारखं झालं. आणि मी अगदी शांतपणे म्हणाले, "साहेब, माझ्या निशाणीखाली रेघ असते. रजिस्टर बघा." त्यांनी रजिस्टर मागवलं. पान उलटलं, पान उलटलं. प्रत्येक ठिकाणी रेघ. म्हणाले, "हा, साची वात," आणि माझ्यासाठी पाणी मागवलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता, नाना. मी घरी येताना रिक्षात हेच घोकत होते.

पाळी संपवून बाहेर निघाले तर ती दुपारच्या पाळीसाठी येत होती, हातात डबा. "काय झालंय हो ताई? मलाबी साहेबानं बोलावलंय." मी म्हटलं, "काही नाही, जा." दोन तासांनी तिला घरी पाठवलं. संध्याकाळी तिचा फोन आला. रडत नव्हती, गोंधळली होती. म्हणाली, "ताई, ती चिठ्ठी मी लिहिली म्हणतेत. मी तर कुणाला नमस्काराची चिठ्ठीसुद्धा लिहीत नाही. तुमचं ऐकतेत साहेब, तुम्ही तरी सांगा ना, मी तसली नाही म्हणून." मी म्हटलं, सांगते.

इथे मला तुम्हाला एक विचारायचं आहे, रागावू नका. तुम्ही गेल्यावर आईनं मला सांगितलं होतं. खात्यात एका ओडिशाच्या कारीगराची बोटं लूमच्या पट्ट्यात गेली, तेव्हा पट्ट्यावरची जाळी शेठनं काढून ठेवलेली होती आणि ते तुम्ही डोळ्यांनी बघितलं होतं. सरकारी तपासणीचा साहेब आला तेव्हा तुम्ही म्हणालात, जाळी होती. आई म्हणाली, त्यानंतर कितीतरी दिवस तुम्ही ताटावर बसायचात आणि भाकरीचे तुकडे करत राहायचात, खायचा नाहीत. मला वाटायचं तुमचं पोट बिघडलंय. त्या माणसाचं पुढे काय झालं ते तिलाही माहीत नव्हतं. मी तेव्हा आईवर चिडले होते, बाप गेल्यावर असं सांगायचं असतं का म्हणून. आता मला तोच बाप पाहिजे आहे. भर खात्यात कोपरा शिवणारा नको, त्याच्यापुढे मला उभंच राहवत नाही. जाळी होती म्हणणारा पाहिजे. त्याला विचारायचं आहे की भीती नंतर कमी होते का, आणि किती दिवसांनी. तुम्ही तीन लेकरांकडे बघून तसं बोललात, हे मला तेव्हा कुणी सांगायला पाहिजे होतं. आज मी माझ्या पोटुशी सुनेकडे बघते आणि तेच कारण हाताशी धरते. पण त्या लातूरवालीलाही लेक आहेच की.

काल मी तिच्याकडे गेले. सांगूनच टाकायचं, असं ठरवून निघाले होते. चालत गेले, म्हणजे वाटेत वाक्य जुळवता येईल. खोलीत मुलगी पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती, तिला आईनं बाहेर पाठवलं. चहा ठेवला. मी तोंड उघडणार तेवढ्यात तीच बोलायला लागली. शुक्रवारी साहेबांनी तिला परत बोलावलं. एक टाइप केलेला कागद दिला, गुजरातीत. म्हणाले, चूक झाली असं लिहिलंय, सही केलीस की मिटलं. तिला गुजराती वाचता येत नाही. मिटतंय म्हणून तिनं सही केली. आणि काल सकाळी पोलीस चौकीतून फोन आला, सोमवारी अकरा वाजता या, जबाब द्यायला. "त्या कागदात चिठ्ठी मीच लिहिली असं कबूल केलंय म्हणे मी," ती म्हणाली. मग गॅस बारीक करून मला विचारलं, "ताई, ते टोपडं खरंच तसलं असतंय का हो? मला तर ठाऊकच नव्हतं. मी रोज हसत होते." मी मान हलवली. ती चहा गाळत म्हणाली, "जिनं कुणी लिहिलंय तिनं बरं केलंय. पण मग नाव सांगावं की तिनं. माझ्या लेकीच्या परीक्षेच्या तोंडावर माझ्या गळ्यात कशाला?"

तेव्हा सांगायचं होतं, नाना. याहून सोपी जागा कुणी करून देत नाही. मी कपातल्या सायीकडे बघत राहिले. ती म्हणाली, आता वाढवायचं नाही, सही तर झालीच आहे, हो म्हणते, माफी मागते, पाया पडते, पोरीला यातून वाचवते. "फक्त मला त्यांच्यापुढं बोलता यायचं नाही. हिंदी अडखळतंय, गुजराती तर नाहीच. तुमचं गुजराती चांगलंय ताई, तुम्ही सोबत चला. मी सांगेन ते तुम्ही त्यांना नीट सांगा." मी हो म्हणाले. आणि तिनं कागदावर सही केलीय हे ऐकलं, त्या क्षणी, लाज वाटायच्या आधी, माझा जीव भांड्यात पडला होता. हे मी मुलालाही सांगू शकत नाही, कारण त्याचाही पडेल.

आज सकाळी भाजीला मी मागच्या गल्लीनं गेले. लांबून बघितलं, बेनचं टेबल लागलेलं होतं, आज रांगही होती. त्यांना जाऊन सांगितलं तर त्या वकिलाला उभं करतील हे मला माहीत आहे, आणि मग मला पण उभं राहावं लागेल हेही. हा कागद तुम्हाला कुठल्या पत्त्यावर पाठवू? सून उठायच्या आत गॅसवर धरीन. माझ्या हातचं अक्षर घरात ठेवायला आता धाडस होत नाही. पण एक सांगून घेते. सकाळी सगळे झोपेत असताना मी आरशापुढे उभी राहून उद्याची तयारी करत होते, चौकीत अडखळायला नको म्हणून. "आ बेने लख्युं छे, साहेब." या बाईनं लिहिलंय, हे वाक्य तोंडात पटकन बसलं, चार-पाच वेळा म्हटलं, आवाजही कापला नाही. दुसरं वाक्य याहून लहान आहे. "में लख्युं छे." ते अजून मी एकदाही मोठ्यानं म्हटलेलं नाही.